सात नंबरच्या पाचरी

हॉटेलात पाहुणे अर्धीमुर्धी टूथपेस्ट टाकून जातात. ती फेकायची नाही, असा चिमा पाष्टेचा स्वतःचा नियम होता. बाथरूमच्या फरशीच्या सांध्यात भेग दिसली की बोटाने तीत पांढरी पेस्ट भरायची आणि ओल्या फडक्याने वरून पुसायचं. वाळली की भेग दिसत नाही. सात नंबरच्या बाथरूममध्ये मार्चात मुगाएवढी पेस्ट लागली. मेमध्ये बोटभर. जुलैच्या शेवटी एक अख्खी ट्यूब भेगेत गेली आणि भेग तशीच उघडी राहिली. चिमा गुडघ्यांवर बसून रिकामी ट्यूब पिळत होती. तेवढ्यात तिच्या मनगटाला गार वारा लागला. खिडक्या बंद होत्या. वारा भेगेतून येत होता.

ती उठली, हात धुतले, भेगेवर पायपुसणं ओढलं आणि पुढच्या खोलीकडे गेली. बाराला तिथले पाहुणे यायचे होते.

चिमा ही आनंदीबाईची मुलगी. आनंदीबाईने माझ्याकडे पंचवीस वर्षं काम केलं, म्हणून चिमाला मी परकरातली असल्यापासून ओळखते. आता ती पन्नाशीला आली. नवरा मुंबईला एका सोसायटीच्या फाटकावर बसतो, गणपतीला आणि शिमग्याला येतो. चिमाची सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी ती माझ्याकडे येते, चहा घेते आणि माझ्या घरातल्या चुका काढते. पडदा एकीकडे लोंबतोय, कपाटाचं दार कुरकुरतंय. तिला सांगून उपयोग नाही. एकोणीस वर्षं जिने दुसऱ्यांच्या खोल्यांमधल्या चुका शोधून लपवल्या, तिची नजर सुट्टी घेत नाही.

हॉटेलला आम्ही वरचं हॉटेल म्हणतो. रत्नागिरी शहराच्या उत्तरेला समुद्रावर कडा आहे, त्याच्या कातळावर ते बांधलंय. मागे मोठी इमारत आणि पुढे अगदी काठावर ओळीने सात बंगले. बंगल्यांना भरती, शिंपला, पुळण अशी नावं दिलीत, पितळेच्या पाट्याही लावल्यात. काम करणारी माणसं नंबरानेच बोलतात. सात नंबर सगळ्यात टोकाला, म्हणून सगळ्यात महाग. बाथरूमची एक भिंत काचेची, टबात बसून सूर्यास्त बघायला. बाहेर छोटा पोहण्याचा हौद, त्याचं पाणी समुद्राकडच्या कडेवरून सतत सांडत राहील असा बांधलेला. लोक त्यात उभं राहून फोटो काढतात. पाठीला समुद्र आणि खाली काय आहे ते फोटोत येत नाही.

तिथल्या कामाची लोकांना कल्पना नसते, आणि ती नसावी असाच तिथला नियम आहे. पावणेसातला चिमा हातखंब्याच्या नाक्यावर उभी असायची. एसटीने शहर, तिथून हॉटेलची गाडी, ती मागच्या फाटकाशी सोडणार. पिशवी तपासून आत. कपडे बदलायचे, केस जाळीत कोंबायचे, छातीवर नावाचा बिल्ला लावायचा, ट्रॉली भरायची आणि करवंदीच्या कुंपणामागच्या वेगळ्या वाटेने निघायचं. ती वाट पाहुण्यांना दिसत नाही. पाहुणा समोरून आलाच तर ट्रॉली बाजूला घेऊन हसायचं, बोलायचं नाही. दिवसाला बारा खोल्या. गादीचा कोपरा एका हाताने उचलायचा, दुसऱ्याने चादर खाली सारायची, आणि चादरीच्या मधल्या घडीची रेघ पलंगाच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे. टॉयलेटच्या कागदाचं टोक त्रिकोणी दुमडायचं. ते कशासाठी, हे अजून कुणी तिला सांगितलेलं नाही. मे महिना सगळ्यात वाईट. रत्नागिरीत आलेला माणूस आंबा खाणारच, आणि एवढं भाडं भरून आलेला माणूस तो पांढऱ्या चादरीवर बसूनच खाणार. पाहुणा फिरून परत येतो तेव्हा खोली आपली आपणच आवरली गेली असं त्याला वाटलं पाहिजे. चिमाला हे सगळ्यांत चांगलं जमायचं. म्हणूनच पुढचं घडलं.

काही मोडलं-बिघडलं तर दुरुस्तीची चिठ्ठी लिहावी असा कागदोपत्री नियम. चिठ्ठी लिहिली की खोली दोन दिवस बंद. खोली बंद झाली की मॅनेजर विनीतसाहेबांचं तोंड बंद, आणि ते त्यांच्या बोलण्याहून वाईट. मग बायका आपापले उपाय करतात. चिमाजवळ साबणाचा एक जुना डबा होता. त्यात मेणबत्तीचं थोटूक, काळी चिकटपट्टी, टूथपेस्ट आणि चपलांचे तुकडे. पाहुण्यांना खोलीत घालायला पांढऱ्या चपला देतात, एकदा पायात घातल्या की त्या कचऱ्यात जातात. चिमा त्यांचे तळ कापून ठेवायची. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली असा तुकडा काळी पट्टी गुंडाळून सरकवला की बापजन्मी कुणाला दिसणार नाही.

तिची सुपरवायझर फातिमा मुकादम, राजिवड्याची. ती तिला सुतारीण म्हणायची. "सुतारणी, चार नंबरचं स्टूल नाचतंय. जा, त्याला चप्पल घाल."

सात नंबरमध्ये आधी दार घासायला लागलं. चिमाने कडेला मेण चोळलं. एप्रिलात लिहिण्याचं टेबल डुगडुगलं, एक तुकडा. मेमध्ये पलंगावर झोपलेल्या एका बाईने तक्रार केली की रात्रभर आपण एका बाजूला घरंगळत होतो. नवरा हसला, चिमाने पलंगाखाली दोन तुकडे घातले. जूनमध्ये भिंतीवरची तसबीर तिरकी दिसू लागली. सरळ केली तरी दुसऱ्या दिवशी तिरकी. खिळ्यावर टांगलेली तसबीर वाकडी होत नसते हो, तिच्यामागची भिंत वाकडी होते. पण हे मी आता सांगते आहे. चिमाने तेव्हा तसबिरीच्या मागे चिकटपट्टी लावली आणि भिंतीच्या कडेला समांतर अशी ती घट्ट बसवली. दिसायला एकदम सरळ.

माळ्याने एकदा तिला सांगितलं की सात नंबरचा हौद रोज जास्त पाणी मागतो.

"मग जातं कुठं?" चिमाने विचारलं.

"सांडतं. सांडायलाच बांधलाय ना तो."

जुलैपर्यंत पाचरी अकरा झाल्या. टेबलाखाली, पलंगाखाली, सोफ्याखाली, कपाटाखाली. एक दिवस सोफा पुसताना चिमाच्या लक्षात आलं की अकराच्या अकरा समुद्राकडच्या पायांखाली आहेत. जमिनीकडच्या एकाही पायाला कधी चप्पल लागली नव्हती.

तिचा बाप रावजी चिरेखाणीत काम करायचा. जांभ्याचे चिरे काढण्यात त्याची हयात गेली. वर जांभा घट्ट असतो, त्याच्याखाली मऊ, पांढरट-तांबूस माती. तिला इकडे शेडी म्हणतात. कोरडी असली तर ती दगडासारखी वागते. पाणी मुरलं की साबण होते. रावजी पोरीला खाणीच्या काठावर उभं राहू द्यायचा नाही. "शेडीत पाणी गेला की वरचा चिरा आपला नाय," म्हणायचा. भेगेतून वारा लागला त्या दिवशी चिमाला बापाचं हे बोलणं आठवलं आणि संध्याकाळपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

तिने फातिमाला सांगितलं. फातिमा शहाणी बाई, तिने हसण्यावारी नेलं नाही. दोघी विनीतकडे गेल्या. विनीत पस्तिशीचा, पुण्याचा, कधी आवाज न चढवणारा. सगळ्या बायकांना ताई म्हणतो आणि त्यामुळे त्यांना काही बोलता येत नाही.

"चिमाताई, टूथपेस्ट जास्त लागते असं मी हेड ऑफिसला कसं लिहू?" तो म्हणाला.

"पेस्टचं नका लिवू. वाऱ्याचं लिवा."

"समुद्रावर वारा असतो, ताई."

पण फातिमाने रेटा लावला. दर महिन्याच्या तपासणीत ती सही करते, पुढे काही झालं तर त्या कागदावर तिचं नाव असणार, हे तिने स्पष्ट सांगितलं. तेव्हा विनीतने मुंबईहून इंजिनीअर बोलावला. आणि बोलावल्यावर काय केलं, तर खोली चकचकीत करायला सांगितली. मुंबईचा माणूस येणार, हॉटेलची अब्रू.

आता इथे चिमाचं चुकलं. तिने खोली चकचकीत केली. एकोणीस वर्षांची सवय. तिचे हात तिला विचारत नाहीत. दाराला नवं मेण, भेगेत दोन ट्यूबा पेस्ट आणि वर कापूस, टेबल एका बोटानेही हलू नये म्हणून पाचर आणखी घट्ट. इंजिनीअर आला तेव्हा ती टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराआड उभी होती, नियमाप्रमाणे, दिसणार नाही अशी.

त्याने दार उघडलं-मिटलं. तसबिरीकडे बघितलं. मग खिशातून मोबाईल काढून टेबलावर आडवा ठेवला. त्याच्या मोबाईलमध्ये उतार मोजायची सोय होती.

"झीरो," तो म्हणाला. "एकदम लेव्हल आहे."

मोबाईल फरशीवर ठेवायला वाकावं लागलं असतं. तो वाकला नाही. बाथरूममध्ये डोकावला, पांढरेशुभ्र सांधे बघितले. "ही तुमची बेस्ट मेंटेन्ड खोली असणार."

विनीतने अभिमानाने दाराआडच्या चिमाकडे पाहिलं. "आमच्या चिमाताईंची आहे."

चिमाने तोंड उघडलं. त्या टेबलाखाली चपला आहेत, एवढे चारच शब्द बोलायचे होते. पण ते बोलायचे तर पाचरी आपण घातल्या, चिठ्ठ्या लिहिल्या नाहीत, पाच महिने लपवलं, हेही बोलावं लागणार. ती तेवढा विचार करते आहे तोवर विनीत म्हणाला, "थँक यू ताई, तुम्ही जाऊ शकता." आणि ती गेली.

हे सगळं तिने मला त्या गुरुवारी सांगितलं. चहा गार झाला.

"बाई, मी त्याला फसवलं."

"त्याला फसवायला तू कशाला हवीस, तो स्वतःच समर्थ आहे," मी म्हटलं. "बंगला रिकामा आहे का आत्ता?"

"पावसाचा रिकामाच. पण पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली. पाच माणसं येतायत तीन दिवसांना. आजीचा पंचाहत्तरावा वाढदिवस. दोन लहान पोरं हायत. पोरांच्या गाद्या काचेच्या भिंतीशी घालायच्यात, समुद्र दिसायला पायजे म्हणून."

मी तीस वर्षं कॉलेजात भूगोल शिकवला. जांभा आणि शेडी मी फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवली आहे. त्या बंगल्यात झोपणाऱ्या माणसांचं काय होऊ शकतं हे सांगायला मला मोबाईल लागत नाही. मी चिमाला रागावले, फार रागावले. पाच महिने काय करत होतीस, म्हटलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, ओरडून झालं असलं तर काय करायचं ते सांगा."

"पाचरी काढ. सगळ्या. आणि मग त्यांना बोलाव."

शुक्रवारी तिने तेच केलं. बरोबर सानिका होती. बावीस वर्षांची, खेडची, चार महिन्यांपूर्वी लागलेली. चिमाच तिला काम शिकवत होती. अकरा तुकडे काढले तेव्हा पलंग कण्हल्यासारखा आवाज करून बसला. कपाटाचं दार आपोआप उघडलं. तसबिरीची चिकटपट्टी सोडली, तर ती भिंतीपासून एका कोपऱ्यात दोन बोटं सरकली. सानिका दारातच उभी राहिली.

"मावशी, हे आधीपासून असं होतं?"

"हां."

"मग दिसत कसं नव्हतं?"

तेवढ्यात फातिमा आली. तिने टेबलावर पाण्याची बाटली आडवी ठेवली. बाटली समुद्राकडे गडगडली, खाली पडली, फरशीवरून गडगडत काचेच्या भिंतीला जाऊन थडकली.  फातिमाने विनीतला फोन करून बोलावलं आणि त्याच्यासमोर बाटली पुन्हा ठेवली.

विनीतने बाटली पडताना पाहिली. उचलली. टेबलावर उभी ठेवली.

मला वाटलं होतं, हे पाहिल्यावर कुठलाही माणूस शहाणा होईल. या वयातही माझे अंदाज चुकतात.

"इंजिनीअरचा रिपोर्ट आला आहे," तो म्हणाला. "त्यात सगळं ठीक आहे. लाँग वीकेंडला सगळं हॉटेल फुल्ल आहे, त्या लोकांना मी कुठे ठेवू? सोमवारी हे लोक गेले की आपण बघू. तोपर्यंत जसं होतं तसं करा."

"मंजे?" चिमाने विचारलं.

"तुमचे ते तुकडे. परत घाला."

"मी नाय घालणार, साहेब."

विनीतने तिच्याकडे पाहिलं नाही. तो सानिकाकडे वळला. "तुला येतं ना? ताईंनी शिकवलंय ना?"

सानिका फातिमाकडे बघत राहिली. फातिमा खाली बघत राहिली. दोघींनाही नोकरी हवी होती, त्यांना मी नावं ठेवणार नाही. सानिकाने खाली वाकून एकेक तुकडा जागेवर घातला. व्यवस्थित घातला, काळी पट्टी भिंतीकडे करून, चिमाने शिकवला होता तसा.

पुढचे सहा दिवस पाऊस लागून राहिला. चिमा रोज सात नंबरमध्ये जायची. आवरायला काही नव्हतं, तरी जायची. पायपुसणं उचलून भेग बघायची. सोमवारी तीत करंगळी गेली. बुधवारी तिने कान लावला, तर खाली कुठेतरी पाणी चालल्याचा आवाज येत होता. समुद्राचा नव्हे; समुद्राची गाज ती एकोणीस वर्षं ऐकत होती. हा आवाज जवळ होता.

तिने त्या कुटुंबाला परस्पर फोन करायचं ठरवलं, पण पाहुण्यांचे नंबर खोल्या आवरणाऱ्या बायकांना देत नाहीत. ढेकूण झाले म्हणून उठवावं, तर औषध मारून दोन तासांत खोली मोकळी करतात. चौदा तारखेच्या गुरुवारी ती माझ्याकडे आलीच नाही. मी वाट पाहून चहा एकटीने घेतला आणि मला ते बरं वाटलं नाही.

पंधरा ऑगस्टला सकाळी आठला हॉटेलच्या पुढच्या हिरवळीवर झेंडावंदन असतं. सगळ्या नोकरमाणसांनी हजर राहायचं, विनीतसाहेब भाषण करतात. चिमा मागच्या वाटेने सात नंबरला गेली. पाहुणे अकराला यायचे होते. पलंग तयार होता, तिच्या हातचा, मधली रेघ मध्यावर. काचेच्या भिंतीशी पोरांच्या दोन गाद्या, उशांवर हॉटेलची छोटी कापडी कासवं.

तिने बादली भरली आणि मोठ्या गादीवर ओतली.

नुसती चादर भिजवून भागत नाही, हे कुणी तिला शिकवायला नको होतं. तिने चादर काढली, वरची आच्छादनं काढली आणि गादी आतून जड होईपर्यंत ओतत राहिली. मग सोफ्याची गादी. मग पोरांच्या. श्रावणातल्या रत्नागिरीत भिजलेली गादी चार दिवस वाळत नाही. ऊन नाही, हवा ओली, पंखा लावला तर वास सुटतो. आणि त्या दिवशी हॉटेलात एकही गादी जास्तीची नव्हती. आदल्या दिवशी तिनेच भांडारात मोजून घेतल्या होत्या.

सातवी-आठवी बादली असेल, तेव्हा दारात सानिका आली. बाहेर लाऊडस्पीकरवर राष्ट्रगीत सुरू होतं.

"मावशी, काय करताय?"

"तू झेंड्याला जा."

"मावशी, तुम्हाला काढतील."

"जा म्हटलं ना. तू मला बघितलंस नाय."

सानिका हलली नाही. राष्ट्रगीत संपेपर्यंत दोघी तशाच उभ्या राहिल्या, एक बादली घेऊन आणि एक रिकाम्या हातांनी. मग सानिका गेली.

साडेनवाला विनीत, फातिमा आणि सुरक्षेचा एक माणूस ओल्या खोलीत उभे होते. पाणी सगळं समुद्राकडच्या भिंतीशी जमलं होतं, चार बोटं. जमिनीकडची फरशी कोरडी. 

"नळ उघडा राहिला होता का, चिमाताई?" विनीतने विचारलं. त्याने तिला सुटायला वाट दिली होती, हे मला मान्य केलं पाहिजे. नळाचं असतं तर कागदावर काही आलं नसतं.

"नाय. मी ओतलं. बादलीनं."

"का?"

"तुम्हाला ठाऊक हाय."

नळ म्हणाली असती तर नळ सानिकाच्या नावावर लागला असता. सात नंबरची त्या सकाळची पाळी तिची होती.

आजीचं कुटुंब शहरातल्या दुसऱ्या हॉटेलात गेलं. जाताना आजी खूप बोलली म्हणे, हॉटेलला आणि हॉटेलच्या माणसांना. तिला समुद्र हवा होता. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले असते.

मागच्या फाटकाशी चिमाची पिशवी तपासली. साबणाचा डबा निघाला. त्यात मेणबत्तीचं थोटूक, चिकटपट्टी आणि चपलांचे उरलेले तुकडे. नोकरीवरून काढल्याचं जे पत्र तिला मिळालं ते मी वाचलं आहे. गाद्यांचा उल्लेख त्यात नाही. गाद्या का भिजवल्या हा प्रश्न कुणी विचारायला नको म्हणून असेल. कारण दिलंय, हॉटेलच्या मालाची चोरी: वापरलेल्या चपलांचे तुकडे. एकोणीस वर्षांनंतर हे. ती रडली नाही. बिल्ला काढताना पिन बोटात घुसली, तेवढं रक्त आलं.

शनिवारी पाऊस थांबला. विनीतने सात नंबरमध्ये मोठे पंखे लावायला सांगितले, रात्रीपर्यंत गाद्या वाळल्या तर खोली विकता येईल म्हणून. गाद्या वाळल्या नाहीत.

रविवारी सकाळी पुन्हा पाऊस. साडेदहाला सानिकाला गाद्या उलटून यायला पाठवलं. ती ट्रॉली घेऊन करवंदीच्या वाटेने निघाली. वाटेत ट्रॉलीचं चाक चिखलात अडकलं, ती ओढत बसली. तिने मान वर केली तेव्हा सात नंबरची पितळेची पाटी हलत होती. आवाज फार मोठा झाला नाही, असं ती सांगते. काहीतरी जड वस्तू कुणी जपून खाली ठेवावी तसा. बाथरूम, हौद आणि पोरांच्या गाद्या घातल्या होत्या ती बाजू गेली. दार आणि अर्धी खोली उरली. लिहिण्याचं टेबल काठावर अर्धं बाहेर लटकलं होतं, त्याच्या पायाला चप्पल अजून चिकटलेली.

साडेदहा ही सात नंबर आवरण्याची वेळ. एकोणीस वर्षं त्या वेळेला तिथे चिमा असायची.

चार दिवसांनी पेपरात दोन परिच्छेद आले. अतिवृष्टीमुळे कड्याचा भाग कोसळला, व्यवस्थापनाने खबरदारी म्हणून बंगला आधीच रिकामा ठेवला असल्याने जीवितहानी टळली. विनीतचा फोटो होता. मी ते कात्रण ठेवलं आहे. सगळं लिहून मी कलेक्टर कचेरीत अर्जही दिला आहे, त्याची पोच माझ्याजवळ आहे. बाकी सध्या काही नाही. सात नंबरला पत्रे ठोकले, त्यावर हॉटेलचं नाव रंगवलं. सहा नंबर आता टोकाचा झाला. भाडं वाढलं.

चिमा घरी आहे. गावातल्या एका बागेत साफसफाईला जाते, नवऱ्याला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. गुरुवारी मात्र येते. आता सगळेच वार सारखे, तरी गुरुवारीच येते.

गेल्या गुरुवारी, भाद्रपदातला पाऊस धरून होता, आम्ही दोघी मांदेली निवडत बसलो होतो. साडेअकराच्या सुमारास तिचा फोन वाजला. हात खवल्यांनी भरले होते म्हणून तिने तो स्पीकरवर टाकायला मला सांगितलं. सानिका होती. आवाज बारीक, जवळ कुणी ऐकेल अशा भीतीने बोलत असल्यासारखा.

"मावशी, सहा नंबरचं टेबल डुगडुगतंय. एक तुकडा घातला, तो पुरत नाही. दोन घालू का?"

चिमाने मासळी खाली ठेवली.

"कुठचा पाय गो?"

सानिका म्हणाली, "समुद्राकडचा."

"साहेबाला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, ताईंनी शिकवलंय ना."

"पाव्हणे कधी येतायत?"

"तीनला. चार जण. एक बाळ आहे."

चिमाने माझ्याकडे पाहिलं.  त्या पोरीला खेडला म्हातारे आईबाप आहेत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"सानिका," चिमा म्हणाली, "गाद्या कोरड्या हायत ना?"

"हो."

"मग भरभर कर, नि बाहेर ये. आत थांबू नको."

फोन बंद झाला नव्हता. त्यातून दार लावल्याचं ऐकू आलं. मग बादलीत नळ सोडल्याचा आवाज येऊ लागला.